थंडी तुम्हाला वाजते, कोंबडीला नाही!

मागच्या शुक्रवारी जेवण झाल्यावर टीममधल्या एकाने मोबाईल माझ्या नाकासमोर धरला. "बघ, ऑर्डर केलं!" साहेबांनी मुळशीकडे ५ गुंठ्यांचा प्लॉट घेतलाय. तिथे राखणीला एक जोडपं असतं, आणि आता घरची अंडी खायची म्हणून १२ कोंबड्या येणार आहेत. फोटोत त्या कोंबड्यांचं घर होतं. काय घर होतं राव! उतरतं छप्पर, लाल दार, पांढऱ्या चौकटीची खिडकी, खिडकीला काच. किंमत १९,००० रुपये. आणि खाली ठळक अक्षरांत जाहिरात: पूर्ण इन्सुलेटेड, हिवाळ्यात उबदार.

मी विचारलं, "ह्याच्यात हवा कुठून येते-जाते?"

"दार आहे की."

"आणि रात्री?"

"रात्री दार लावायचं रे. थंडी असते तिकडे. बिचाऱ्या गारठतील ना!"

झालं. पुढचा पाऊण तास मी बोलत होतो. चहा गार झाला, दोनची मीटिंग चुकली, आणि शेवटी "तू कोंबड्यांवर पीएचडी केलीयेस का?" असं म्हणून तो उठून गेला. पीएचडी नाही केली बाबा. पण ५ कोंबड्या मारल्यात. स्वतःच्या हाताने, आणि अगदी मायेने. त्यामुळे हा विषय निघाला की मला गप्प बसवत नाही.

तर ऐका.

आमचं गाव भोरच्या पुढे, भाटघर धरणाच्या अंगाला. भाताचा पट्टा. आई-अप्पा तिथेच असतात. मला कळायला लागल्यापासून आईकडे १०-१५ कोंबड्या आहेत. घरात भाताचे पैसे अप्पांचे, दुधाचे पैसे डेअरीतून थेट बँकेत, मी पाठवतो ते "तुझ्याच नावावर ठेवलेत". ज्या पैशाचा हिशोब आई कुणालाही देत नाही तो एकच, अंड्यांचा. तो फडताळातल्या एका जुन्या डब्यात असतो. माझ्या इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाचा ड्राफ्टर त्या डब्यातून आलाय. गावरान अंड्याला हल्ली १५ रुपये सहज मिळतात, म्हणजे डबा बरा चालतो.

जुनं खुराडं म्हणजे कुडाच्या भिंती, वर कौलं, आत बसायला दोन आडव्या काठ्या. एका पावसाळ्यात त्याची भिंत बसली. मी नुकताच नोकरीला लागलो होतो, म्हटलं पक्कं बांधू. ८ फूट बाय ४ फूट, ५ फूट उंच. सिमेंटच्या विटा, वर पत्रा, समोर लोखंडी दार. गवंड्याने आपल्या मनाने तिन्ही बाजूंना वरच्या अंगाला जाळीच्या पट्ट्या ठेवल्या. मला ते अर्धवट काम वाटलं होतं. इंजिनिअर ना मी!

डिसेंबर २०२३. शनिवारी पहाटे बाईकवरून गावी गेलो तर बोटं बधिर झालेली. रात्री खुराड्याशेजारून जाताना बॅटरी मारली. कोंबड्या पिसं फुगवून गोळे होऊन बसलेल्या, आणि जाळीतून धरणावरचा गार वारा आत शिरतोय. मला फार वाईट वाटलं. रविवारी सकाळी कामाला लागलो. आमच्याकडे फ्लेक्सला तोटा नाही. कुणातरी भावी आमदाराच्या वाढदिवसाचा भलामोठा फ्लेक्स मिळाला, तो दुहेरी करून सगळ्या जाळीवर ठोकला. दाराच्या फटीत थर्माकोल कोंबला. पत्रा आणि भिंत यांच्या मधल्या फटींत फोम मारला. कुठूनही उजेडाची तिरीप येत नाही ना ते आत बसून तपासलं. आई म्हणाली, "एवढं नको रे करूस, कोंदट होईल." मी म्हणालो, "आई, याला इन्सुलेशन म्हणतात." आणि पुण्याला आलो.

पुढे रिलीज होती, महिनाभर गावी गेलो नाही. फोनवर विचारलं की आई म्हणायची, "बऱ्या आहेत कोंबड्या." जानेवारीत गेलो तेव्हा १४ च्या ९ झाल्या होत्या. उरलेल्यांचे डोळे फेसाळलेले, नाकातून पाणी, आणि रात्री खुराड्यातून घरघर ऐकू यायची. ५ मेल्या हे तिने मला सांगितलंच नव्हतं. का? तर "तू एवढं मन लावून केलं होतंस, तुला वाईट वाटलं असतं." आणि तो फ्लेक्स तिने काढलाही नव्हता. कोंदट वास तिला पहिल्या आठवड्यातच आला होता. पण मुलगा शिकलेला, त्याने विचार करूनच लावला असणार.

या एका वाक्यासाठी मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही.

तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातले डॉक्टर आले. त्यांनी औषधाची पेटी बाजूला ठेवली, दार उघडलं आणि गुडघ्यांवर बसून डोकं आत घातलं. नाक जमिनीपासून वीतभर उंचीवर. पाच सेकंदांत बाहेर आले, डोळ्यांत पाणी. मला म्हणाले, "आता तुम्ही बघा." मी बघितलं. शप्पथ सांगतो, एसटी स्टँडची मुतारी बरी. नाकातून सुरू झालेली झणझण थेट डोळ्यांत. डॉक्टर म्हणाले, "तुम्ही उभं राहून वास घेता. कोंबडी या उंचीवर श्वास घेते. आणि रात्रीचे १२ तास घेते."

मग त्यांनी समजावलं ते थोडक्यात असं. कोंबडीच्या विष्ठेत युरिक ॲसिड असतं. त्याला ओल मिळाली की जिवाणू त्याचा अमोनिया करतात. श्वासनळीच्या आत अगदी बारीक केस असतात, ते धूळ आणि जंतू सतत बाहेर ढकलत असतात. अमोनिया पहिल्यांदा या केसांनाच निकामी करतो. सर्दीचे जंतू तर बऱ्याच कळपांत आधीपासून असतातच, त्यांना मोकळं रान मिळतं. आणि कोंबडीचं श्वसन आपल्यासारखं नाही. फुप्फुसांशिवाय तिच्या अंगात हवेच्या ९ पिशव्या असतात, आत आलेली हवा जवळपास सगळ्या धडात फिरते. म्हणजे वाईट हवाही तितकीच फिरते. "थंडीने मेली" असं आपण म्हणतो त्यातल्या बऱ्याच कोंबड्या खरं तर कोंडमाऱ्याने मेलेल्या असतात.

जाता जाता डॉक्टरांनी तो फ्लेक्स स्वतःच्या हाताने ओढून काढला. भावी आमदार शेणाच्या पाटीत पडले :)

त्या रात्री मी जे आधी करायला हवं होतं ते केलं. हिशोब. बारावीच्या फिजिक्सच्या पलीकडचं यात काही नाही.

एक कोंबडी साध्या हवेत दिवसाला साधारण २०० मिली पाणी पिते. १४ कोंबड्या म्हणजे २.८ लिटर. त्यातलं थोडंसं अंड्यात जातं. बाकी सगळं बाहेर, श्वासातून वाफ होऊन किंवा विष्ठेतून, जिच्यात तीन चतुर्थांश तर पाणीच असतं. हिवाळ्यात रात्र मोठी. सगळं अगदी कमी धरलं तरी एका रात्रीत लिटरभर पाणी त्या खोक्यात सांडतं. आता खोक्यातली हवा किती? १६० घनफूट, म्हणजे साडेचार घनमीटर. १८ अंशांच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त १५ ग्रॅमच्या आसपास वाफ मावते. म्हणजे खुराड्यातल्या सगळ्या हवेत मिळून ७० ग्रॅम. लिटरभर पाणी आणि जागा ७० ग्रॅमची! उरलेलं कुठे जाणार? पत्र्याला खालून थेंब धरणार, ते परत कोंबड्यांच्या पाठीवर पडणार, तूस भिजणार, आणि भिजलेल्या तुसातून अमोनिया. मी इन्सुलेशन केलं नव्हतं, मी प्रेशर कुकर बांधला होता. शिट्टी न ठेवता.

आता कुणी म्हणेल, पण बाहेरची हवाही थंडीत दमट असते, पहाटे दव पडतं, ती आत घेऊन काय फायदा? हाच प्रश्न मलाही पडला होता आणि त्याचं उत्तर मला फार आवडलं. १० अंशांची हवा अगदी दवाने भरलेली असली तरी तिच्यात घनमीटरला ९-१० ग्रॅमच पाणी असतं. ती आत येते, कोंबड्यांच्या अंगच्या उबेने तापते, आणि तापल्यावर तिची पाणी धरण्याची ताकद वाढते. मग ती ओल उचलते, हलकी होऊन वर जाते आणि वरच्या फटीतून निघून जाते. भट्टी आतच आहे. एक कोंबडी ८-१० वॅट उष्णता देते, म्हणजे १४ कोंबड्या म्हणजे जुन्या शंभरच्या बल्बपेक्षा जास्तच. फक्त धुराडं पाहिजे. आमच्या गवंड्याने ते ठेवलं होतं, मी बुजवलं.

आणि थंडीचं म्हणाल तर कोंबडीच्या अंगाचं तापमान ४१ अंशांच्या वर असतं आणि अंगावर पिसांची रजई असते. ती पिसं फुगवून बसते ते गारठली म्हणून नव्हे, पिसांत हवा धरून तिने रजई जाड केलेली असते. आपल्याकडच्या ८-१० अंशांचं मोठ्या कोंबडीला काहीही वाटत नाही. अमेरिकेत न्यू इंग्लंडच्या बाजूला हिवाळ्यात बर्फ साठतो. तिथल्या प्रिन्स टी. वुड्स नावाच्या डॉक्टरांनी १९२४ साली कोंबड्यांच्या हवेशीर घरांवर अख्खं पुस्तक लिहिलं, आणि त्यांच्या खुराड्याची दक्षिणेची बाजू भर हिवाळ्यात उघडी असायची, फक्त जाळी. शंभर वर्षं झाली या गोष्टीला. आणि आपण मुळशीत काचा लावतोय!

मुद्दा एवढाच आहे. वारा आणि हवा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अंगावर येणारा झोत वाईट, तो पिसं विस्कटतो आणि रजई मोडतो. त्यात कोंबडी भिजलेली असेल तर खरंच मरते. तेव्हा झोत जरूर अडवा. पण डोक्याच्या वरून होणारी हवेची ये-जा अडवायचा तुम्हाला काहीही अधिकार नाही. झोत खाली अडवायचा, हवा वर सोडायची. बस्स. यात न समजण्यासारखं काय आहे?

पण हे कुणी नीट सांगतच नाही. परसातल्या कुक्कुटपालनाची माहितीपत्रकं चाळा. गिरिराज घ्या की वनराज घ्या, मानमोडीची लस कधी, खाद्य किती, सगळं तपशिलात. हवेबद्दल मात्र एक ओळ: "खुराड्यात हवा खेळती ठेवावी." अरे पण कशी? किती उंचीवर? कुठल्या बाजूने? कुठल्या महिन्यात? ती ओळ म्हणजे "कोड नीट लिहावा" असं सांगण्यासारखं आहे. ज्याला कळतं त्याला गरज नाही, ज्याला गरज आहे त्याला काही कळत नाही.

कारण उत्तर प्रत्येक ऋतूत वेगळं आहे. हिवाळ्यात आत ऊब आणि बाहेर गारवा असतो, त्यामुळे हवा आपोआप वर चढते, वरची फट पुरते. उन्हाळ्यात हे गणित कोसळतं. आत ३८, बाहेर ३८, हवा वर चढणार कशाला? तेव्हा हवी आरपार हवा, आणि तीही कोंबडीच्या उंचीवर. म्हणजे डिसेंबरात जो झोत अडवायचा तोच एप्रिलमध्ये मुद्दाम आणायचा. कोंबडीला घाम येत नाही. तिच्याकडे थंड व्हायचा मोठा मार्ग एकच, चोच उघडून धापा टाकायच्या आणि श्वासातून पाण्याची वाफ करायची. दिवसभर धापा टाकल्या की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, त्याचा परिणाम म्हणून अंड्याचं कवच पातळ होतं. एप्रिल-मे मध्ये अंडी हातात फुटायला लागली की लोक शिंपल्यांची पूड आणतात. आणा, पण आधी वरचा तापलेला पत्रा आणि बंद भिंत बघा.

आणि उन्हाळ्यातला सगळ्यात मोठा घोळ म्हणजे ओली पोती. चांगली युक्ती आहे, पण वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूला, आणि समोरची बाजू सताड उघडी असेल तरच. बंद खुराड्यात चारी बाजूंनी ओली पोती लावली की आतली हवा दमट होते, श्वासातली वाफ उडत नाही, म्हणजे कोंबडीचा एकुलता एक कूलर तुम्ही बंद पाडला. कोकणात तर हवा आधीच दमट असते, तिथे ओल्या पोत्यांचा फारसा उपयोग नाही. तिथे सावली आणि वारा एवढंच खरं.

पावसाळा सगळ्यात अवघड. बाहेरची हवाच ओली, ती आतली ओल फारशी उचलत नाही. म्हणून तेव्हा भर द्यायचा तो पाणी आतच न येण्यावर. जमिनीपासून दीड-दोन फूट उंच जोतं, पत्र्याची अडीच-तीन फूट वळचण, खाली कोरडं तूस, आणि ते दर दोन दिवसांनी खालीवर करणं. तूस मुठीत दाबून बघायचं. मूठ उघडल्यावर लाडू राहिला तर ते बदलायचं, भुगा झाला तर ठीक. ओल्या तुसात नुसता अमोनिया नाही, रक्ती हगवणही वाढते. पण लोक करतात काय? जूनमध्ये चारी बाजूंनी जमिनीपर्यंत ताडपत्री सोडतात ती थेट दसऱ्याला काढतात! अहो, आमच्याकडे पाऊस पश्चिमेकडून येतो. पश्चिम बंद करा ना, पूर्वेला काय पाप केलंय?

आता आमचं खुराडं सांगतो. तेच, ८ बाय ४. लांब बाजू आधीच पूर्व-पश्चिम होती, म्हणजे लांब भिंतींवर सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन येत नाही. उत्तर-दक्षिण भिंती दीड फुटावर कापल्या आणि वरती अर्ध्या इंचाची वेल्डमेश जाळी. (साधी षटकोनी चिकन जाळी मुंगूस आणि कुत्रं फाडतं, तिच्यावर पैसे घालवू नका.) पश्चिमेची भिंत मात्र पक्की. पत्र्याच्या खाली ८ इंचांची पट्टी चारी बाजूंनी उघडी, तिला हात लावायचा नाही, कुठल्याही ऋतूत. वळचणीमुळे पाऊस तिथे पोचत नाही. बाकी जाळीला गोणपाटाचे पडदे, आणि इथे एक छोटी पण महत्त्वाची गोष्ट: पडदा वरून खाली सोडायचा नाही, खालून वर ओढायचा. खालची कड पक्की, वरची कड दोरीने वर-खाली. वरून सोडलेला पडदा पहिल्यांदा धुराडंच बंद करतो. खालून ओढलेला पडदा कितीही घट्ट केला तरी वरती जागा राहतेच. मोठ्या पोल्ट्रीवाल्यांना हे माहीत असतं. आपण पोल्ट्रीसमोरून शंभर वेळा जातो आणि बघत नाही.

हिवाळ्यात पडदा काठीवर बसलेल्या कोंबडीच्या डोक्याच्या थोडा वर. पावसात पश्चिमेकडचे कोपरे वर, बाकी अर्धा. होळीनंतर पडदे गुंडाळून माळ्यावर, पत्र्यावर चुन्याचा हात आणि भाताचा पेंढा. एवढं सगळं मिळून खर्च आला ४,००० रुपयांच्या आत, गवंड्याच्या मजुरीसकट. यावेळी त्याचं ऐकलं.

तुमचे आक्षेप मला पाठ आहेत.

"पिल्लांचं काय?" पिल्लांची गोष्ट वेगळी, कबूल. पिसं येईपर्यंत, म्हणजे पहिले ३-४ आठवडे, त्यांना ऊब लागतेच. पहिल्या आठवड्यात ३२-३५ अंश, मग हळूहळू कमी. पण तीही एका कोपऱ्यात, बल्बखाली. पिल्लाला नको वाटलं तर बाजूला सरकता आलं पाहिजे. आणि वरून हवा तिथेही हवीच.

"मुंगूस, साप, रानमांजर?" त्यासाठी जाळी असते. फळी जे अडवते ते सगळं बारीक जाळीही अडवते, फक्त हवा सोडते. तुमच्या घराच्या खिडकीला डास येतात म्हणून तुम्ही विटा रचता का?

"आमच्या आजीच्या खुराड्याला कुठे खिडकी होती?" नव्हती. पण कुडाच्या भिंतीला शंभर फटी होत्या आणि कौलांच्या मधून हवा जात होती. खिडकी नव्हती, कारण अख्खं खुराडंच चाळणीसारखं होतं. आपण चाळणी काढून डबा ठेवला, आणि आजीचा दाखला डब्याला देतोय. आणि आजीचं सगळं बरोबर होतं असंही नाही. त्या कुडात गोचिड आणि उवा भरपूर असायच्या. जुनं ते सोनं वगैरे मी म्हणत नाहीये. फटी चांगल्या होत्या एवढंच म्हणतोय.

"एक्झॉस्ट फॅन लावू ना, सेन्सर लावू, ॲपवरून कंट्रोल करू!" हे आपल्यासारख्यांचं खास. खरं सांगू? मीही सेन्सर लावला होता. दोन आठवडे आलेख बघितले. वरची पट्टी उघडल्यावर रात्रीचं तापमान दोन-अडीच अंशांनी उतरलं आणि सकाळी पत्र्याखालचे थेंब गायब. बस्स, एवढंच कळलं, आणि ते आईला सेन्सरशिवाय कळत होतं. गावात लाईट जाते. पावसाळ्यात तर कधी दोन-दोन दिवस. बंद खोका आणि बंद पडलेला पंखा, यात कोंबड्या किती वेळ काढतील? भिंतीतलं भोक कधी हँग होत नाही, त्याला अपडेट लागत नाही.

राग नेमका कशाचा येतो सांगू? आपण खुराडं बंद करतो ते कोंबडीसाठी नाही. आपल्याला थंडी वाजत असते. आपण रजईत शिरतो आणि मनाला बरं वाटावं म्हणून तिलाही डब्यात घालतो. तिला काय हवंय हे बघायला गुडघ्यावर बसावं लागतं, तुसात हात घालावा लागतो. ते नको असतं. १९,००० रुपये देणं त्यापेक्षा सोपं. आणि ज्या बाईने आयुष्यभर कोंबड्या सांभाळल्या तिला वास येत असतो, पण आपण इंग्रजी शब्द फेकून तिला गप्प करतो. मी केलं. त्या प्लॉटवरची बाईही उद्या गप्प बसेल, कारण साहेबांनी एवढं महागाचं घर आणलंय.

तेव्हा विकत घ्यायच्या किंवा बांधायच्या आधी एवढंच करा. पहाटे ६ वाजता, दार उघडायच्या आधी खुराड्यापाशी जा. दार उघडा, गुडघ्यावर बसा, डोकं आत घाला आणि १० पर्यंत मोजा. पहिला श्वासच खरा, कारण नाक थोड्या वेळात त्या वासाला सरावतं आणि खोटं बोलायला लागतं. डोळे झोंबले, पत्र्याला थेंब दिसले, तर तुमचं खुराडं बंद आहे, मग जाहिरातीत काहीही लिहिलेलं असो. ज्या हवेत तुम्ही १० आकडे काढू शकत नाही त्या हवेत कुणाला रात्रभर कोंडू नका.

टीमवाल्याचं ते लाल दाराचं घर परवा आलं. शनिवारी मी त्याच्याकडे जातोय, करवत आणि जाळी घेऊन. तो अजून छपराखाली भोकं पाडायला तयार नाहीये, पण राखणीवाल्या काकूंना आधी विचारायचं एवढं कबूल केलंय. तेही खूप झालं.

आमच्याकडे आता १७ कोंबड्या आहेत. गेल्या दोन हिवाळ्यांत सर्दीने एकही गेली नाही. काल रात्री फोनवर आईला विचारलं, "पडदा कितीवर ठेवलायस?" तर म्हणाली, "ते मी बघते. तू जेवलास का?"

असो. बघतेच ती.